पहिल्या क्विल्टमधल्या बारीक चुका: काय उसवायचं आणि काय तसंच सोडायचं

पहिलं क्विल्ट, म्हणजे वर तुकडे जोडून केलेलं टॉप, मधे बॅटिंग म्हणजे भराव आणि खाली अस्तर असं तीन थरांचं पांघरूण, शिवताना अडचणी थोड्याफार त्याच त्याच येतात. कोपरे जुळत नाहीत, त्रिकोणाची टोकं शिवणीत गडप होतात, बॉर्डर, म्हणजे टॉपच्या चहूबाजूंची पट्टी, सपाट बसायचं नाव घेत नाही, मागे अस्तराला चूण पडते, बाइंडिंग, म्हणजे शेवटी कडेवरून दुमडून लावतात ती पट्टी, मागच्या बाजूला मधेच कुठेतरी टिपेत सापडलेलंच नसतं. आणि मग सगळा पसारा समोर घेऊन एकच प्रश्न, की आता हे सगळं उसवायचं का? नाही उसवायचं. म्हणजे थोडं उसवावं लागेल, पण कुठलं ते आधी नीट ठरवा, कारण सुती कापड एकाच जागी दोनतीनदा उसवून परत शिवलं की सुईची भोकं मोठी होतात, कडेच्या दशा निघायला लागतात आणि जी चूक नुसती दिसत होती ती खरोखरची कमजोर जागा होऊन बसते.

माझी वाटणी सोपी आहे. जी चूक वापरात वाढत जाणार ती आत्ता दुरुस्त करायची, जी आहे तेवढीच राहणार ती सोडून द्यायची. मार्जिन (टिपेबाहेर सोडलेलं कापड) फारच कमी आलंय, शिवण मधेच उघडी राहिलीये, टाके गळलेत, बाइंडिंग सुटलंय, कापडाचा रंग जातोय, हे सगळं वाढणारं. कोपरा एकदोन धाग्यांनी सरकलाय, टोक जरा बोथट झालंय, क्विल्टिंगची (तिन्ही थर एकत्र शिवण्याची) रेघ थोडी वाकडी गेलीये, हे आहे तेवढंच राहतं, दहा वर्षांनीही तेवढंच असेल. गंमत अशी की लोक उसवायला बसतात ते नेमकं हे दुसरं, कारण ते डोळ्यात खुपतं, आणि पहिल्याकडे कुणी बघतही नाही कारण ते वरून दिसतच नाही, उलट्या बाजूला दडलेलं असतं.

दुसरी गोष्ट, चूक दिसते एका जागी आणि झालेली असते भलत्याच जागी. चुण्या क्विल्टिंग करताना दिसतात पण त्या पडलेल्या असतात थर एकमेकांवर अंथरताना. बॉर्डर शिवल्यावर लाटा मारते पण ती बिघडलेली असते कापताना. कोपरे ओळी जोडताना चुकतात असं वाटतं, खरं तर ते पहिल्या ब्लॉकच्या, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या चौकोनाच्या, पहिल्या शिवणीपासून चुकत आलेले असतात. म्हणून नुसती दिसणारी जागा उसवून परत शिवली की बऱ्याचदा परत तेच होतं, आणि मग माणूस मशीनला शिव्या घालतो.

उसवायच्या आधी एक करा, टॉप भिंतीला लावा किंवा जमिनीवर पसरा, चारपाच पावलं मागे जा आणि मोबाइलवर फोटो काढा, एक रंगीत आणि एक ब्लॅक अँड व्हाइट. छोट्या फोटोत उलटा फिरवलेला ब्लॉक लगेच दिसतो, शेजारी शेजारी आलेले दोन सारखेच गडद तुकडे दिसतात, आणि ज्या कोपऱ्यावर तुम्ही तासभर डोळे लावून बसला होतात तो शोधूनही सापडत नाही. उलटा ब्लॉक मात्र या टप्प्यावर काढून सरळ करा, तो नंतर कायम दिसत राहतो आणि थर जोडल्यावर काढता येत नाही.

## कोपरे जुळत नाहीत, ब्लॉक लहानमोठे येतायत

सगळ्यात जास्त त्रास याचाच, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. मापं इंचात आहेत आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे पाव इंच म्हणजे दोन सूत.

क्विल्टच्या तुकड्यांना पाव इंच मार्जिन धरलेलं असतं. आता समजा तुमची टीप प्रत्येक वेळी अर्धं सूत जास्त आत जातेय. एका शिवणीला दोन बाजू, म्हणजे एका शिवणीत एक सूत कापड जास्त खाल्लं गेलं. एका ओळीत आठ शिवणी असतील तर आठ सूत, म्हणजे चक्क एक इंच कमी! आणि शेजारच्या ओळीत समजा चारच शिवणी आहेत, मग तिथे अर्धाच इंच कमी पडणार. या दोन ओळी एकमेकींना कशा जुळतील? तुम्ही टाचण्या कितीही लावा. अर्धं सूत डोळ्याला दिसतही नाही, म्हणून टिपेकडे बघून काही कळत नाही, मोजूनच बघावं लागतं.

मोजायची पद्धत अशी. उरलेल्या कापडातून दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, चारपाच इंच लांब पुरे, आणि लांबीच्या बाजूने एकमेकींना जोडा, तुम्ही नेहमी शिवता तसंच, मुद्दाम काळजीपूर्वक नाही. इस्त्री करा आणि मोजा. पूर्ण रुंदी साडेतीन इंच यायला हवी आणि मधली पट्टी बरोबर एक इंच. मधली पट्टी एक इंचापेक्षा कमी आली तर तुमचं मार्जिन जास्त जातंय, जास्त आली तर कमी जातंय. बहुतेकांची कमी येते. कारण एक तर पायाच्या म्हणजे प्रेशर फूटच्या कडेला पाव इंच समजून शिवलं जातं आणि प्रत्येक मशीनचा फूट पाव इंचाचा नसतो, आणि दुसरं म्हणजे शिवण एका बाजूला दुमडून इस्त्री केली की त्या दुमडीत धागाभर कापड जातंच. म्हणून क्विल्ट शिवणारे बरोबर पाव इंचावर न शिवता एकदोन धागे अलीकडे शिवतात. सुई सरकवता येणारं मशीन असेल तर सुई एक घर उजवीकडे घ्या, नसेल तर मशीनच्या प्लेटवर कागदी टेपचे दोनतीन थर लावून कड तयार करा आणि कापड त्या कडेला टेकवून शिवा, पण टेप कापड पुढे सरकवणाऱ्या दातांवर चढू देऊ नका. परत तीन पट्ट्या शिवा, परत मोजा. ही टेस्ट मी नवीन क्विल्टच्या आधी दरवेळी करतो, कारण कापडाची जाडी आणि दोरा बदलला की हिशोब थोडा सरकतो.

टीप बरोबर निघाली तरी ब्लॉक चुकतायत? मग कापणी बघा. लांब पट्ट्या कापताना आपण कापड घडी घालून कापतो, आणि पट्टी घडीला काटकोनात नसेल तर उघडल्यावर घडीच्या जागी वाक येतो, अगदी इंग्रजी व्ही सारखा. घडी काटकोनात आहे ना ते दर काही कापांनंतर परत तपासायचं. फुटपट्टीवरची रेघही थोडी जाड असते, कधी रेघेच्या आत कापलं कधी बाहेर, असं करू नका, एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच. आणि शक्यतो एका क्विल्टला एकच फुटपट्टी वापरा.

तिसरी जागा इस्त्री. शर्टाला करतो तशी इस्त्री पुढेमागे घासली की कापड ताणतं, विशेषतः उरेब कडा असलेले तुकडे, म्हणजे तिरके कापलेले त्रिकोण. इस्त्री ठेवायची, दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. वाफ उरेब कापडावर जपूनच. कापायच्या आधी कापडाला हलकी खळ दिली तर उरेब कडा बऱ्याच काबूत राहतात, हे करायला कंटाळा येतो पण फरक पडतो.

आता जे ब्लॉक शिवून झालेत त्यांचं काय? सगळे मोजा आणि कागदावर लिहा. एक सुताच्या आतबाहेर फरक असेल तर काही उसवू नका. दोन ब्लॉक जोडताना आधी दोन टोकं टाचणीने जुळवा, मग मधल्या शिवणी जुळवा, जास्तीचं कापड टाचण्यांच्या मधे सारखं वाटून द्या, आणि शिवताना जो तुकडा जास्त लांब आहे तो खाली ठेवा, दातांच्या बाजूला. मशीनचे दात खालचं कापड जरा जास्त खेचतात त्यामुळे ढील आपोआप सामावून जाते. उलटं ठेवलं तर तीच ढील शेवटी चूण होऊन हातात येते.

दोन सूत किंवा जास्त फरक असेल तर सामावून घ्यायच्या भानगडीत पडू नका, ब्लॉक फुगतो. साधे चौकोनच असतील तर सगळे ब्लॉक सगळ्यात लहान ब्लॉकच्या मापाला छाटून टाका, झालं. पण ब्लॉकमधे त्रिकोण किंवा तारे असतील तर छाटल्यावर टोकं जातात, तिथे दुसरा उपाय आहे आणि तो मला जास्त आवडतो, ब्लॉकच्या मधे पट्ट्या घाला. सॅशिंग म्हणतात त्याला. एकाच मापाच्या पट्ट्या कापायच्या आणि लहान ब्लॉकला एक पातळ चौकट लावून माप पुरं करायचं. शेजारचा ब्लॉक शेजारच्या ब्लॉकला चिकटतच नाही, मग जुळायचा प्रश्नच मिटला. बघणाऱ्याला ते डिझाइनच वाटतं.

एखादाच कोपरा फार सरकला असेल तर पूर्ण ओळ उसवू नका. त्या चौकाच्या दोन्ही बाजूंना मिळून दोनेक इंच उसवा, शिवणी परत जुळवा, टाचणी लावा, आणि जुन्या टिपेवर थोडं आधीपासून थोडं पुढेपर्यंत शिवा. हे सोपं व्हावं म्हणून एका ओळीच्या शिवणी डावीकडे दाबायच्या, पुढच्या ओळीच्या उजवीकडे, म्हणजे दोन शिवणी समोरासमोर आल्या की एकमेकींत अडकून बसतात, बोटाने चाचपलं तरी कळतं की बसल्या. ज्यांनी सगळ्या एकाच दिशेला दाबल्यात त्यांनी एकाआड एक ओळीच्या शिवणी इस्त्रीने नुसत्या दुसऱ्या बाजूला दाबल्या तरी चालतं, उसवायची गरज नाही.

त्रिकोणाचं टोक कापलं जात असेल तर शिवताना ज्या बाजूला दोन तिरक्या टिपा फुलीसारख्या एकमेकींना छेदताना दिसतात ती बाजू वर ठेवा, आणि टीप त्या फुलीच्या मधून न्या, किंवा धागाभर कडेच्या बाजूने. मार्जिन त्या जागी पाव इंचापेक्षा थोडं कमी आलं तरी येऊ द्या. टोक वाचलं पाहिजे.

## जी चूक दिसत नाही ती

टॉप शिवून झालं की थर अंथरायच्या आधी ते उलटं करा आणि सगळ्या शिवणी एकेक करून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण पूर्ण क्विल्टमधे सगळ्यात कामाचा अर्धा तास हाच. मार्जिन कुठे एक सुतापेक्षा कमी दिसतंय का? खिडकीसमोर धरून बघा, टिपेत कुठे उजेड येतोय का? तुकडा सरकून एका थरावरूनच टीप गेलीये का? अशा जागा धुतल्यावर नक्की उघडतात, आणि तेव्हा आत बॅटिंग असतं, मागे अस्तर असतं, मशीन तिथे पोचत नाही. आत्ता मात्र दोन मिनिटांचं काम आहे, धागाभर आत दुसरी टीप मारा, बस. ब्लॉक एकदोन धाग्यांनी लहान होईल, होऊ दे.

कापड विरळ विणीचं असेल किंवा उसवून उसवून कड झिजली असेल तर त्या जागी मागून चिकटणाऱ्या पातळ इंटरफेसिंगचा छोटा तुकडा इस्त्रीने लावा आणि मग त्यावरून शिवा. आणि टाके फार लांब असतील तर तेही बघून घ्या, तुकडे जोडायला टाका २ ते अडीच मिलिमीटर हवा. त्याहून लांब टाक्यांच्या शिवणी टोकांना सुटायला लागतात, कारण इथे आपण प्रत्येक शिवणीच्या शेवटी उलटी टीप मारत नाही.

मशीनचंही इथेच आटपतो. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होत असेल तर दोष बहुतेक वेळा खाली नसून वर असतो, वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमधे बसलेलाच नसतो. फूट वर उचलून, म्हणजे चकत्या उघड्या असताना, दोरा पूर्ण परत ओवा. बॉबिनचा दोरा वरच्या बाजूला ठिपक्यांसारखा दिसतोय तर वरचं टेन्शन जास्त आहे, थोडं सैल करा. टाके गळतायत तर आधी सुई बदला, मगच बाकीचं, सुती कापडाला ८०/१२ नंबर चालतो आणि तीन थरांना ९०/१४. सुरुवातीला दोऱ्याचा गोळा होतो त्यासाठी दोन्ही दोऱ्यांची टोकं पहिले तीनचार टाके हातात धरून ठेवा.

उसवायची पद्धतही सांगून ठेवतो. सीम रिपर शिवणीत घुसवून सर्रकन ओढत जाऊ नका, कापड कापलं जातंच कधीतरी. एका बाजूने दर तिसरा किंवा चौथा टाका कापा, मग कापड पलटून दुसऱ्या बाजूचा दोरा हळूच ओढा, अख्खा निघून येतो. उरलेले तुकडे कागदी टेपने टिपून घ्या. भोकं नखाने हलकेच घासली आणि थोडी वाफ दिली की बरीचशी मिटतात.

## बॉर्डर लाटा मारतेय

याचं कारण जवळपास नेहमी एकच. लांब पट्टी घेतली, कडेला लावत शिवत गेलो आणि उरलेली कापून टाकली. असं केलं की पट्टी कडेबरोबर थोडी थोडी जास्त भरली जाते आणि कड स्वतःही ताणलेली असते, कारण टॉप हाताळताना कडाच ताणल्या जातात. बरोबर पद्धत अशी की टॉपची लांबी मधोमध मोजा, अजून दोन ठिकाणी मोजा, तिन्हीची सरासरी काढा, आणि दोन्ही बाजूंच्या बॉर्डर त्याच मापाच्या कापा. मग टोकं जुळवा, मधे जुळवा, आणि टॉपची ढील बॉर्डरमधे सामावून घ्या. म्हणजे बॉर्डर टॉपला शिस्त लावते, टॉप बॉर्डरला बिघडवत नाही.

आधीच लागलेली बॉर्डर हलत असेल तर? थोडीच हलत असेल, हाताने सपाट केली की बसते, तर राहू द्या, क्विल्टिंगच्या रेघा तिथे जरा जवळ जवळ घ्या, कापड त्यात जिरतं. पण हात उचलल्यावर परत डोंगर उभा राहत असेल तर उसवा. हे उसवण्यासारखं आहे, कारण ही लाट बाइंडिंगपर्यंत जाते आणि मग क्विल्ट कधीच सपाट पडत नाही. चार सरळ शिवणी तर आहेत.

बाहेरच्या कडेला उरेब तुकडे येत असतील तर टॉप तयार झाल्याबरोबर कडेपासून एक सुतावर चहूबाजूंनी एक टीप मारून ठेवा, कड ताणायची थांबते.

टॉप चौकोनी आहे का ते बघायला दोन्ही कर्ण मोजा. पलंगावर घ्यायच्या क्विल्टला अर्ध्या इंचाचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. भिंतीवर लावायचं असेल तर मात्र दिसतो, तिथे छाटून काटकोन करा.

## मागच्या बाजूच्या चुण्या

अस्तर जमिनीवर किंवा टेबलावर टेपने चिकटवायचं, ताठ, पण ताणून नाही. ताणलं तर टेप काढल्यावर ते आखडतं आणि वरच्या थराला सुरकुत्या, सैल ठेवलं तर मागे चुण्या. अस्तर आणि बॅटिंग दोन्ही टॉपपेक्षा चारी बाजूंनी तीनचार इंच मोठं हवं. सेफ्टी पिना मधून बाहेरच्या दिशेने, मुठीएवढ्या अंतरावर, साधारण तीनचार इंच. पिना कमी वाटल्या म्हणून अंतर वाढवू नका, कच्चा धावदोरा घाला हवं तर, तोही चालतो आणि स्वस्तातला आहे.

मशीनवर वॉकिंग फूट असेल तर नक्की लावा, तो वरचा थरही खालच्या दातांबरोबर पुढे सरकवतो. टाका तीन मिलिमीटरच्या आसपास. मधून बाहेर शिवत जा, आणि समांतर रेघा असतील तर सगळ्या एकाच दिशेने शिवा, एक वरून खाली आणि पुढची खालून वर असं केलं की रेघांच्या मधे तिरक्या सुरकुत्या पडतात, कपडा पिळल्यासारख्या.

चूण पडलीच तर? बोटाच्या नखाएवढी, सपाट शिवली गेलेली, मागच्या बाजूला, ती सोडा. खरंच सोडा. पण चूण उभी राहिलेली असेल, म्हणजे बोट अडकेल अशी, तर ती वापरात अडकून फाटते, तिथे चुणीच्या दोन्ही बाजूंना दोनतीन इंच टीप उसवा, कापड हाताने दोन्हीकडे पसरा, पिना जवळ जवळ लावा आणि परत शिवा. दोऱ्याची टोकं गाठ मारून सुईने बॅटिंगच्या थरात ओढून घ्या. पुढच्या क्विल्टला मागे बारीक छापाचं कापड घ्या, एकरंगी प्लेन अस्तर प्रत्येक टाक्याची चहाडी करतं.

क्विल्टिंगच्या दोन रेघांमधे किती अंतर चालेल हे बॅटिंगच्या पाकिटावर लिहिलेलं असतं आणि ते पाळावं लागतं. काही बॅटिंगला दोनतीन इंच, काहींना आठदहा इंचही चालतं. त्याहून जास्त अंतरावर रेघा घेतल्या तर धुतल्यावर बॅटिंग आतल्या आत गोळा होतं, आणि ही वाढणारी चूक आहे. उपाय सोपा, मधे अजून रेघा मारा. बाइंडिंग लावल्यावरही मारता येतात.

## बाइंडिंग

मागच्या बाजूला बाइंडिंग टिपेपर्यंत पोचत नसेल तर बहुतेक पट्टी अरुंद आहे किंवा पुढची टीप पाव इंचापेक्षा आत गेलीये. पहिल्यांदा करताना अडीच इंचाची पट्टी दुहेरी घडी घालून घ्या, सव्वादोनवाली जाड बॅटिंगला कमी पडते. जिथे सुटलंय तिथे मशीन परत फिरवण्यापेक्षा हाताने तुरपाई करा, दोरा बाइंडिंगच्या रंगाचा. तेवढाच तुकडा, पूर्ण कड नाही.

कोपरे गोल किंवा बोजड येत असतील तर कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून, दोनतीन उलटे टाके मारून, पट्टी आधी वर तिरकी आणि मग खाली सरळ दुमडायची. पुढे कडेपर्यंत शिवत गेलात तर घडी टिपेत अडकते आणि कोपरा वळतच नाही. तो एवढासा भाग उसवून परत करता येतो. पट्टीचे जोड तिरके ठेवा, सरळ जोडले तर एकाच जागी सगळी जाडी येते आणि तिथे सुई मोडते.

वाकड्या रेघांबद्दल एक मधेच. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं गाव आहे, तिथल्या बायकांनी जुन्या कपड्यांपासून शिवलेली क्विल्ट २००२ मधे ह्यूस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधे आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममधे मांडली गेली, २००६ मधे त्यांच्यावर पोस्टाची तिकिटंही निघाली. त्यातल्या रेघा फुटपट्टी लावून मारलेल्या नाहीत, आणि तीच त्यांची ताकद आहे. पण त्यांचं उदाहरण देऊन सुटलेली शिवण कुणी सोडून देऊ नका हं, तिथे वाकडेपणा आहे, कच्चेपणा नाही. आणि ते जे सांगतात की जुन्या काळी बायका नम्रता म्हणून क्विल्टमधे मुद्दाम एक चूक ठेवायच्या, त्याला इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना ठोस पुरावा सापडलेला नाही. ऐकायला गोड आहे, एवढंच.

## रंग, पेनच्या खुणा आणि पहिली धुलाई

लाल, गडद निळं, जांभळं, काळं कापड पांढऱ्याशेजारी असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड वापरायच्या आधी धुऊन घ्या. क्विल्ट पूर्ण झाल्यावर कळलं तर पहिली धुलाई थंड पाण्यात आणि रंग शोषून घेणारे कागद टाकून. तरीही पांढऱ्यावर गुलाबी डाग आलाच, तर वाळवू नका, इस्त्री तर मुळीच नको, उष्णतेने डाग बसतो. भरपूर पाण्यात, थोडा डिटर्जंट घालून, क्विल्ट पूर्ण बुडेल असं भिजत ठेवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत रहा. धीर लागतो, पण बरेचसे डाग निघतात.

पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनच्या खुणांवर आधी इस्त्री फिरवू नका, त्या पक्क्या होतात, आधी थंड पाणी. इस्त्रीने उडणारी पेनं वेगळी, त्यांची शाई साधारण ६० अंशांना अदृश्य होते, जात नाही, फक्त दिसेनाशी होते, आणि क्विल्ट कडक थंडीत राहिलं तर परत उगवू शकते. म्हणून ती दर्शनी भागावर मी वापरत नाही, मार्जिनमधे ठीक.

सुती बॅटिंग पहिल्या धुलाईत साधारण ३ ते ५ टक्के आटतं. त्यामुळे पूर्ण क्विल्टवर बारीक सुरकुत्यांचं जाळं येतं, आणि सरकलेले कोपरे, बोथट टोकं, हलणाऱ्या रेघा त्यात मिसळून जातात, म्हणून वर जे म्हटलं की दिसणारी चूक सोडून द्या ते याच भरवशावर. पॉलिएस्टर बॅटिंग मात्र जवळजवळ आटत नाही, त्यात हा फायदा मिळणार नाही, तिथे कोपरे जरा आधीच जास्त काळजीने जुळवा. क्विल्ट भिंतीवर लावायचं असेल आणि धुवायचंच नसेल तर तेही धरून चला.

धुऊन वाळलं की एकदा दोन्ही बाजूंनी हात फिरवा. शिवण कुठे उघडली असेल तर याच वेळी उघडते. अर्ध्या इंचाएवढी फट असेल तर कडा आत दुमडून, दोन्ही दुमडींतून आलटूनपालटून सुई काढत बारीक टाक्यांनी शिवा आणि शेवटी दोरा हलकेच ओढा, फट मिटते आणि टाके दिसत नाहीत. मार्जिनच उरलं नसेल, दशा बाहेर आल्या असतील, तर ओढाताण करू नका, त्यावर त्याच कापडाचा एक तुकडा कडा दुमडून ठिगळासारखा लावा, शेजारच्या शिवणींना नेऊन भिडवा, म्हणजे तो अख्खा चौकोनच बदलल्यासारखा दिसतो. उरलेल्या कापडाचे दोनचार तुकडे यासाठी बाजूला ठेवायला विसरू नका, आणि ते तुकडेही क्विल्टबरोबरच धुवा, नाहीतर दोन वर्षांनी ठिगळ नव्या रंगाचं आणि क्विल्ट फिकं असं होतं.